शहर पोलिसात जायचंय: उंची, वय, बारावी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की पोलीस भरतीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि खरंच सांगतो एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पोरापोरींची आहेत, आईवडिलांची आहेत, एक तर आजोबांचं आहे नातवासाठी. मी खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली काही वर्षं मुख्यालयात भरतीच्या टेबलावर गेली, आता रोज सकाळी तालुक्याच्या ग्राउंडवर पोरं पळतात तिथं उभा असतो. त्यामुळे जे माहितीये तेवढंच लिहितो. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पण एकाच प्रश्नाची वीसवीस पत्रं होती तर त्यातलं एकेक घेतलंय. नावं छापत नाही, गाव किंवा जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : काका नमस्कार, मी जिंतूर तालुक्यातला. बारावी आर्ट्स झालोय ५१ टक्के, वय २१, खुल्या गटातून. मुंबई पोलीस व्हायचंय. गावात कोण म्हणतं ६० टक्के लागतात, कोण म्हणतं आता ग्रॅज्युएशन लागतं. आणि माझी उंची कधी १६४.५ भरते कधी १६५. ग्राउंड चालू ठेवू का सोडून देऊ?

सोडू नको. आधी टक्क्यांचं. पोलीस शिपाई पदाला बारावी पास लागते, बस. टक्के कुठेच बघत नाहीत, आर्ट्स कॉमर्स सायन्स काहीही चालतं. ५१ वाला आणि ९१ वाला भरतीच्या मांडवात एकाच लाईनीत उभा असतो. फक्त एक बघ, बारावीच्या ऐवजी दुसरा कुठला कोर्स केलेला असेल तर तो शासनानं बारावीच्या बरोबरीचा मानलेला आहे का याचा कागद हातात पाहिजे, आणि निकाल फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी लागलेला पाहिजे. "निकाल पुढच्या महिन्यात आहे पण मी पास होणारच" हे तिथं कुणी ऐकत नाही.

वय खुल्या गटाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. तू २१ चा आहेस म्हणजे हातात अजून वर्षं आहेत.

आता उंची. पुरुषांना १६५ सेंटीमीटर, म्हणजे १६५. १६४.९ ला पण बाहेर. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ ने वाढली पाहिजे. छातीचं सरावानं जमतं, श्वास भरून धरायची सवय लागते, उंचीचं तसं नाही. पण तुझी उंची कधी साडेचौसष्ट कधी पासष्ट भरते यात नवल काही नाही, माणूस सकाळी उठल्यावर थोडा उंच असतो आणि दिवसभर उभं राहून, ओझी उचलून, संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर कमी होतो. माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगा यायचा, घरी संध्याकाळी शेतातून आल्यावर दाराच्या चौकटीला पेन्सिलीनं खूण करायचा, तीन महिने १६४ च्या खाली, रडकुंडीला आलेला. मी त्याला पहाटे साडेपाचला बोलावलं, शाळेच्या भिंतीला अनवाणी उभा केला, टाचा भिंतीला, कुल्ले भिंतीला, खांदे भिंतीला, नजर समोर, हनुवटी वर उचलायची नाही, डोक्यावर शाळेतली पाटी काटकोनात धरली आणि खूण केली. टेपनं मोजलं तर १६५ आणि वर दोन रेषा. पोरगं खाली बसलं आणि गप्पच झालं. त्याची सवय काय होती तर उभं राहताना पोक काढायचा आणि हनुवटी वर करायचा, त्याला वाटायचं त्यानं उंची वाढते, उलट कमी भरते.

तर तू पण असं सात दिवस रोज सकाळी मोज, दुसऱ्याकडून मोजून घे. सातही दिवस १६५ च्या वर आली तर निश्चिंत पळ. ग्राउंडला आदल्या रात्री नीट झोप, उभ्यानं एसटीत रात्रभर प्रवास करून जाऊ नको. २१ व्या वर्षी गोळ्या पावडर घेऊन उंची वाढत नाही, जाहिराती बघून पैसे घालवू नको. आणि केसात काहीतरी चिकटवून जाणारे पण आम्ही पकडलेत, ते तिथं हाताला लागतंच, मग भरती तर जातेच वर गुन्हा दाखल होतो. मोजमाप चुकलं असं मनापासून वाटलं तर त्याच दिवशी तिथंच ग्राउंडवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करायचं, घरी येऊन फोन करून उपयोग नसतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. मैदानी चाचणी ५० मार्कांची आहे, १६०० मीटर २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५. सोळाशेला पूर्ण मार्क पाहिजेत तर ५ मिनिटं १० सेकंदात यायला लागतं, शंभर मीटर साडेअकरा सेकंदात, आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर. पन्नासपैकी निदान २५ मिळाले तरच पुढचा विचार, आणि त्यातूनही जागांच्या दहापट पोरं लेखीला बोलावतात. लेखी १०० मार्कांची, ९० मिनिटं, मराठीतून. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान चालू घडामोडी. लेखीत ४० टक्के पाहिजेतच. शेवटी मैदान अधिक लेखी मिळून मेरिट. मध्ये २०१९ ला नियम बदलून लेखी आधी केली होती, २०२२ पासून परत ग्राउंड आधी झालं, म्हणून जुनी पुस्तकं वाचून गोंधळू नको. आर्ट्सवाली बरीच पोरं गणितात मार खातात हे मी बघितलंय, त्यामुळे पळून आल्यावर रोज एक तास गणित, हे ग्राउंडइतकंच धरून चाल.

प्रश्न : सर माझी उंची १५६ आहे, बीए झालं, बार्शी तालुक्यात सासर आहे आणि एक मुलगी आहे दोन वर्षांची. मला पीएसआय व्हायचंय पण अकॅडमीवाले म्हणतात आधी कॉन्स्टेबल हो मग बघू. आणि लग्न झालेल्यांना घेतात का, घरचे म्हणतात नाही घेत.

ताई, लग्न झालेल्यांना घेतात. लग्नाची कसली अट नाही. अट आहे ती लहान कुटुंबाची, दोनपेक्षा जास्त मुलं नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तुम्हाला एकच आहे म्हणजे प्रश्न मिटला. हे उत्तर सासरच्यांना वाचून दाखवा.

उंचीबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथंच बऱ्याच मुलींचं वर्ष वाया जातं. पोलीस शिपाई पदाला महिलांना १५५ सेंटीमीटर लागते, तुम्ही बसता. पण एमपीएससीतून होणाऱ्या पोलीस उपनिरीक्षक म्हणजे पीएसआय पदाला महिलांना १५७ लागते. एक सेंटीमीटरनं तुम्ही त्या पदाला बसत नाही. हे मला लिहिताना वाईट वाटतंय पण अकॅडमीत दोन वर्षं फी भरून, पूर्व आणि मुख्य पास होऊन मग शारीरिक चाचणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. अशी एक मुलगी मी बघितलेली आहे, मुख्य परीक्षा काढलेली, क्लासवाल्यानं एकदाही तिची उंची मोजली नव्हती, तिनं पण विचारलं नाही. वरच्या पत्राच्या उत्तरात सांगितलंय तसं आधी सकाळी नीट मोजून घ्या, तुमची १५६ संध्याकाळची असेल आणि खरी १५७ असेल असंही होऊ शकतं.

आणि आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते सांगतो. पद जेवढं मोठं तेवढी उंची जास्त असं नाहीये. यूपीएससीतून आयपीएस होणाऱ्या महिलांना उंची १५० लागते. होय १५०. म्हणजे १५६ ची मुलगी पीएसआय होऊ शकत नाही पण आयपीएस होऊन शहराची डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त होऊ शकते, पुढे आयुक्त पण. पुण्याच्या पोलीस आयुक्त मीरां बोरवणकर होत्या, आणि २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. यूपीएससी सोपी आहे असं मी म्हणत नाही, दोन वर्षांचं लेकरू सांभाळून तर नाहीच, पण दार बंद नाही एवढं माहीत असावं.

शिपाई म्हणून आत गेलात तर बढतीनं वर जाता येतं. आधी शिपाई, मग पोलीस नाईक, मग हवालदार अशी पायरी होती, २०२२ मध्ये नाईक हे पद काढून टाकलं, त्यामुळे शिपाई, हवालदार, सहायक फौजदार आणि मग पीएसआय असं झालं. वेळ लागतो, वर्षं जातात, पण नोकरीच्या शेवटापर्यंत खांद्यावर दोन स्टार लागण्याची शक्यता वाढली हे खरंय. म्हणून तुमची खरी उंची १५६ च भरली तर माझा सल्ला, आता येईल ती शिपाई भरती मनापासून द्या.

महिलांना ८०० मीटर आहे २० मार्क, पूर्ण मार्कांना २ मिनिटं ५० सेकंद. शंभर मीटर १४ सेकंद, आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर. बाळंतपणानंतर एकदम पळायला जाऊ नका, आधी महिनाभर चालणं, मग चालत पळत, कंबर आणि ओटीपोट दुखत असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखवून मगच. गोळा मात्र लगेच सुरू करता येतो आणि मुली तिथंच मार्क सोडतात. गोळा तळहातावर ठेवून ढकलतात, तसा जात नाही. बोटांच्या मुळाशी धरायचा, तळहात कोरडा राहिला पाहिजे, मानेला टेकवायचा, आणि जोर हातातून नाही तर मागच्या पायातून कंबरेतून वर आला पाहिजे. टाकून झाल्यावर गळ्याला माती लागली आणि तळहाताला नाही लागली तर समजायचं बरोबर टाकला. एवढ्या एका सवयीनं मीटरभर फरक पडलेल्या पोरी माझ्या ग्राउंडवर आहेत.

अजून एक, महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि खुल्या गटातल्या महिलांना त्यासाठी नॉन क्रीमीलेयर सर्टिफिकेट लागायचं ती अट २०२३ मध्ये काढली. अजूनही काही सेतू केंद्रावाले ते मागतात आणि बायका रांगेत उभ्या राहतात. मागास प्रवर्गातून भरत असाल तर मात्र ज्यांना लागू आहे त्यांना ते लागतंच.

प्रश्न : मी बीकॉम, वय २७, पुण्यात जॉब करतो. मला "शहर पोलीस अधिकारी" व्हायचंय म्हणजे नक्की कोणती परीक्षा? पीएसआय, एसीपी, डीसीपी हे सगळं मिक्स होतंय.

मिक्स होतं कारण लोक पद आणि परीक्षा एकत्र बोलतात. आधी शहर म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांना पोलीस आयुक्तालय आहे, त्यात २०१८ ला पिंपरी-चिंचवड आणि २०२० ला मीरा-भाईंदर वसई-विरार आलं. तिथला साहेब म्हणजे पोलीस आयुक्त. बाकी जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात, ज्यांना आपण एसपी म्हणतो. जिल्ह्यात ज्याला डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक म्हणतात तोच आयुक्तालयात एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, आणि एसपीच्या बरोबरीचा माणूस शहरात डीसीपी. म्हणजे "शहर पोलीस अधिकारी" अशी वेगळी परीक्षा नाहीये, तू खात्यात अधिकारी होतोस आणि पोस्टिंग शहरात मिळतं.

अधिकारी व्हायचे थेट रस्ते तीन. पहिला पीएसआय, एमपीएससीची अराजपत्रित गट ब ची संयुक्त परीक्षा. कुठलीही पदवी, मुक्त विद्यापीठाची पण चालते. वय १९ ते ३१, मागासवर्गीयांना ३४. पुरुष उंची १६५ आणि छाती ७९ अधिक ५. पूर्व १०० मार्क, मुख्य दोन पेपर मिळून ४००, मग शारीरिक चाचणी, मग मुलाखत ४०. इथं एक गोष्ट जुन्या पोरांना माहीत नसते, शारीरिकचे १०० मार्क आता मेरिटला धरत नाहीत, ती फक्त पास व्हायची असते पण त्यासाठी १०० पैकी ६० लागतात. साठ म्हणजे कमी नाहीत, ऑफिसात खुर्चीवर बसून पोट सुटलेल्याला तर नाहीच. दुसरा रस्ता राज्यसेवा, त्यातून डीवायएसपी किंवा एसीपी, वय खुल्या गटाला ३८ पर्यंत. तिसरा यूपीएससी, आयपीएस, वय २१ ते ३२, ट्रेनिंग हैदराबादला सरदार पटेल अकादमीत. पीएसआय आणि डीवायएसपींचं ट्रेनिंग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं.

तू २७ चा, खुल्या गटातला असशील तर पीएसआयला चार वर्षं आहेत. शिपाई भरतीला मात्र एकच वर्ष उरलंय आणि ते कधी संपेल ते जाहिरातीत दिलेल्या तारखेवरून ठरतं, वाढदिवस आज आहे का उद्या यावर नाही. पुष्कळ पोरं म्हणतात मी ग्रॅज्युएट आहे, शिपाई कसा होऊ. मी तसं मानत नाही. माझ्या बरोबरचे दोन शिपाई नोकरी करत एमपीएससी देऊन पीएसआय झालेले आहेत, रात्रपाळीत पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात कंदील नाही पण ट्यूबलाईटखाली पुस्तक घेऊन बसायचे. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून, पीएसआयचं ३८,६०० पासून, वर भत्ते, घर चालतं आणि अभ्यास पण होतो. पण सुट्टी मिळत नाही, गणपतीत नवरात्रीत तर अजिबात नाही, हे धरूनच ठरव.

प्रश्न : मी सोलापूरचा, होमगार्डला चार वर्षं झाली. मित्र म्हणतात मुंबईला जागा जास्त, कटऑफ कमी, तिथंच फॉर्म टाक. दोन्हीकडे टाकला तर चालेल का?

दोन्हीकडे टाकायचा नाही. मागच्या भरत्यांमध्ये एका पदाला एकाच घटकात अर्ज असा नियम होता, घटक म्हणजे ते शहर किंवा तो जिल्हा. शिपाईला एक, चालकाला एक, एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला एक असं चालतं, पण शिपाई पदालाच सोलापूर आणि मुंबई असे दोन भरले तर दोन्ही जातात. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले होते, एवढ्या गर्दीत कुणाचीच चूक पोटात घालत नाहीत.

आता कुठं टाकायचा. मुंबईला जागा जास्त असतात हे खरंय. पण शिपायाची नेमणूक त्या घटकात असते, तू मुंबईत लागलास म्हणजे मुंबईचाच, पाच वर्षांनी सोलापूरला बदली मिळेल असं धरून गेलेले माझे किती सहकारी तिथंच रिटायर झाले. आंतरजिल्हा बदलीला अर्ज करता येतो पण नंबर लागायला वेळ आणि ज्येष्ठता खाली जाते. म्हणून मी पोरांना एकच विचारतो, आईवडील कोण बघणार, शेत कोण बघणार, आणि बदलापूर किंवा विरारवरून लोकलनं येऊन बारा तास ड्युटी करून परत जायची तयारी आहे का. असेल तर मुंबईसारखं शिकायला मिळत नाही कुठं, नायगावचं मैदान, मरोळचं ट्रेनिंग सेंटर, मंत्रालय, बंदर, विमानतळ, सगळं बघायला मिळतं. नसेल तर दोन मार्क जास्त आणायची मेहनत कर पण सोलापूरच भर.

होमगार्डचं तुझं चांगलं आहे. होमगार्डना ५ टक्के जागा आहेत, अट म्हणजे किमान तीन वर्षं, १०९५ दिवस पूर्ण झालेले पाहिजेत आणि तसं प्रमाणपत्र जिल्हा समादेशकाचं पाहिजे. ते फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आतलं पाहिजे. जातीचं, नॉन क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस, डोमिसाईल, खेळाडूचं, सगळ्यांना हीच गोष्ट लागू, तारीख बघा. भरतीच्या टेबलावर मी सगळ्यात जास्त पोरं बाद होताना बघितली ती पळण्यात नाही, कागदाच्या तारखेत. एकाला १५० पैकी छान मार्क होते, कागद तपासणीला आला, फॉर्मवर नॉन क्रीमीलेयर आहे असं टिक केलेलं, आणि सर्टिफिकेट काढलेलं फॉर्मची तारीख संपल्यानंतर आठ दिवसांनी. त्याचे वडील बाहेर टपरीजवळ पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून सांगतो, भरतीची वाट बघू नको, आजच सेतूत जाऊन कुठला कागद किती तारखेपर्यंत चालतो ते एका वहीत लिहून काढ.

प्रश्न : कॉलेजला असताना एका आंदोलनात माझ्यावर गुन्हा दाखल झालेला, रस्ता रोको. केस नंतर संपली, निर्दोष सुटलो. फॉर्ममध्ये लिहू का नको? सगळे म्हणतात लिहू नको, कळत नाही कुणाला.

लिही. जिथं विचारलंय तिथं लिही, कलमासकट, तारखेसकट, निकालाची प्रत जोडून.

कळत नाही हे चूक आहे, चारित्र्य पडताळणी तुझ्या गावच्या पोलीस ठाण्यातूनच होते आणि तिथल्या रजिस्टरला गुन्हा नंबर असतोच. आता तर सगळं कॉम्प्युटरवर आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार असा निकाल आहे तीन न्यायाधीशांचा, त्यात हेच आहे की माहिती खरी द्यायला पाहिजे, लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते, आणि गुन्हा किरकोळ असेल, घोषणा देण्यासारखा तरुणपणातला, तर नेमणाऱ्यानं त्याचा विचार करून सूट द्यायला हरकत नाही. म्हणजे खरं सांगितलं तर तुझ्या बाजूनं बोलायला जागा राहते. लपवलं तर गुन्हा बाजूलाच राहतो आणि तू खोटं बोललास हीच गोष्ट मोठी होते, पोलिसात तर जास्तच. खरं सांगूनही नक्की घेतीलच असं मी लिहून देऊ शकत नाही, पोलीस दलाला चारित्र्याची चाळणी बारीक लावायचा अधिकार कोर्टानं मान्य केलेला आहे. पण निर्दोष सुटलेला आणि स्वतःहून सांगणारा मुलगा मी समितीसमोर उभा राहिलेला पाहिलाय आणि आज तो ठाण्यात ड्युटी करतोय.

प्रश्न : आम्ही बेळगाव तालुक्यातले, मराठी शाळेत शिकलो. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीला बसता येतं का?

येतं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना ही सवलत आहे, २००८ चा शासन निर्णय आहे. त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. आधी तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा, मग दाखल्याच्या मागे लागा, त्याला वेळ लागतो. लेखी परीक्षा मराठीतच असते म्हणजे तिथं तुम्हाला अडचण नाही.

प्रश्न : मी ट्रान्सजेंडर आहे, नागपूर. बारावी झाले, धावते चांगली. मला फॉर्म भरता येईल का की तिथं गेल्यावर अपमान होईल?

फॉर्म भरता येतो. २०२२ च्या भरतीत फॉर्मवर स्त्री आणि पुरुष एवढंच होतं, तेव्हा तुमच्यासारखेच दोघे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, मॅटनं सांगितलं की पर्याय द्या, सरकार हायकोर्टात गेलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं सरकारला चांगलंच सुनावल्यावर फॉर्ममध्ये तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष पण ठरवायला लागले. तमिळनाडूत पृथिका याशिनी कोर्टात लढून २०१७ मध्ये सब इन्स्पेक्टर झाल्या. म्हणजे तुम्ही पहिल्या नाही.

कागदाचं सांगतो, २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर व्यक्तीचं प्रमाणपत्र मिळतं, अर्ज ऑनलाईन करता येतो, ते आधी काढून ठेवा आणि दहावी बारावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा, नसेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. अपमान होणार नाही असं मी खोटं लिहीत नाही. ग्राउंडवर हजारो पोरं असतात, कुणी काहीबाही बोलेल. पण तिथला अधिकारी बोलला तर त्याचं नाव, बिल्ला, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी आयुक्तालयात लेखी द्या. मी अजून नोकरीत असतो तर तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो असतो, हे मनापासून लिहितोय.

प्रश्न : मुलगा तीन वर्षं झाली भरती देतोय, एका मार्कानं राहतो. आता एक जण आला घरी, म्हणतो आठ लाख द्या काम करून देतो, दोन लाख आधी. आणि मुलगा ग्राउंडच्या आधी कसलंतरी इंजेक्शन घेतो असं त्याच्या मित्राकडून कळलं. मी आई आहे, झोप लागत नाही. काय करू?

माऊली, आधी इंजेक्शनचं, कारण पैसे परत मिळतात पोरगं मिळत नाही. २०१४ ला मुंबईच्या भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर पळायला लागायचं, जूनच्या उकाड्यात धावताना काही मुलं गेली, त्यानंतर अंतर कमी झालं आणि आता १६०० मीटर आहे. तरी पण अजून ग्राउंडवर कोसळणारी पोरं असतात. उन्हात, रिकाम्या पोटी, रात्रभर फुटपाथवर झोपून आलेला मुलगा, त्यात दम वाढायचं म्हणून घेतलेलं इंजेक्शन, हृदय किती सहन करेल. त्याला रागावू नका, त्याला जवळ बसवून विचारा काय घेतो, कुठून घेतो, बाटली बघा, फोटो काढा आणि त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जाऊन छातीची पट्टी काढून घ्या. सिरिंज सापडली तर ग्राउंडवरून कायमचा बाहेर जातो हे पण त्याला सांगा, पण आधी जीवाचं सांगा.

एक मार्कानं राहतो म्हणता, म्हणजे मुलगा चांगला आहे. त्याच्या तिन्ही वर्षांचे मार्क घेऊन बसा, मैदान किती लेखी किती. माझ्या अनुभवात असा मुलगा मैदानात ४५ च्या पुढे असतो आणि लेखीत साठ-पासष्टला अडकलेला असतो. इंजेक्शननं मैदानात एखादा मार्क वाढेल कदाचित, लेखीत नीट सहा महिने दिले तर दहा वाढतात.

आता तो आठ लाखवाला. आजच्या भरतीत धावण्याची वेळ चिपवर मोजतात, कॅमेरे असतात, लेखीची उत्तरतालिका लागते, त्या माणसाच्या हातात काहीच नसतं. तो वीस घरांतून दोन दोन लाख घेतो, त्यातली तीन पोरं स्वतःच्या कष्टानं लागतात, त्यांचं काम मी केलं म्हणतो, आणि बाकीच्या सतरा घरांना पुढच्या वेळेस बघू म्हणतो. पैसे दिले असतील तर लाजू नका, तुम्ही एकट्या नाही. दिले नसतील तर देऊ नका. त्याचा फोन आला की रेकॉर्ड करा, तो कुणा साहेबाचं नाव घेतोय का ऐका, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत फोनला, तुमचं नाव बाहेर जात नाही. मुलाला पण हे उत्तर वाचायला द्या. आणि तुमचं गाव आमच्या तालुक्यापासून लांब नाही असं पत्रावरून दिसतंय, सकाळी साडेपाचला आम्ही हायस्कूलच्या ग्राउंडवर असतो, फी नाही, त्याला पाठवा, येताना मागच्या तीन वर्षांच्या मार्कांचे कागद आणायला सांगा.